काळं आलेलं कुंकू

आमच्या माडीवर भाड्यानं राहणारे मास्तर दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचे, आणि तेही उन्हाकडं बघून. घनसावंगीकडचा कुणी पाटील पहाटेपासून गाडी हाकत यायचा, जरीचा फेटा, पायात करकरणारे जोडे, मागं सगळं लटांबर. मास्तर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून त्याच्या तोंडाकडं नुसते बघत राहायचे. मग शांतपणे म्हणायचे, "पाटील, तुमचा चेहरा तिसऱ्या प्रहरचा हाये. आत्ता काढून काही उपेग न्हाई. बाजार करून या जरा."

पाटील तणतणायचा, खाली आमच्या दुकानात येऊन सासऱ्यांना चार शब्द सुनवायचा. आणि ऊन कललं की गुमान परत जिना चढायचा. जालन्यात तसा फोटो दुसरं कुणी काढत नव्हतं, त्याला काय करणार?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ज्याच्या हातात कला आहे त्याला, मग तो शिंपी असो की बँडवाला, आमच्याकडं मास्तरच म्हणायचे. कुणी सांगायचं, ते हैदराबादेत एका नवाबाच्या पदरी होते. कुणी म्हणायचं, बायको गेल्यावर डोकं फिरलं. त्यांना विचारलं तर "मनमाडच्या गाडीनं आल्तो" एवढंच उत्तर. पांढरं धोतर, काळा कोट, भर वैशाखातही तोच. माणूस स्वतःच फोटोतून उठून आल्यासारखा दिसायचा. जाऊनही त्यांना आता जमाना झाला.

जुन्या जालन्यात आमचं भुसाराचं दुकान. मागं राहतं घर, वर माडी, माडीपुढं माळवद, म्हणजे मातीची गच्ची. मी लग्न होऊन आले तेव्हा डाळिंबी शालू नेसून जिन्याखालून चालले होते. मास्तर वरून बघून सासऱ्यांना म्हणाले, "सूनबाई सकाळची हायेत. पण तो शालू लई आवाज करून राह्यलाय." माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्यांना वाटलं मेला पहिल्याच दिवशी सुनेला नावं ठेवतोय. त्यांनी दोन दिवस वर भाकरी पाठवली नाही.

रंग म्हणजे गोंगाट, असं मास्तरांचं म्हणणं. "बाजारात दहा जण एकदम बोलायला लागल्यावर कुणाचं ऐकू येतं का? तसं असतंय ते. रंग गप्प झाला की मंग माणूस बोलतो." मला हे काही पटायचं नाही. मी रंगावर जीव टाकणारी बाई. चोळीचा खण निवडायला मला अर्धा दिवस लागायचा, दुकानदार जांभया द्यायचे. काळंपांढरं ते काय चित्र? मी एकदा तसं तोंडावर म्हणाले. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्या हातातल्या ताटातली भाकरी उचलून त्यांनी उन्हात धरली. तिचे पापुद्रे, तव्याचे डाग, कडेला भाजून आलेला करपटपणा. म्हणाले, "ह्याच्यात कोणता रंग कमी हाये, सांगा." मी म्हणाले, "भाकरी खायची असते, बघायची नसते." तरी त्या दिवसापासून भाकरी टाकताना माझी नजर जायचीच.

माळवदावर एका कडेला आमच्या कुरडया वाळायच्या, दुसऱ्या कडेला त्यांच्या लाकडी चौकटी. चौकटीत काच, काचेला चिकटून कागद. ऊन काचेतून पाझरून खाली उतरायचं आणि कागदावर माणूस उमटवायचं. मास्तर मधूनच चौकटीचं मागचं फळकूट उघडून बघायचे, आणि मी कुरडया उलथायच्या निमित्तानं त्यांच्या मागं जाऊन उभी राहायची. आधी नुसता कोरा कागद. मग कुठून तरी एक मिशी यायची. मग पागोट्याची कड, मग हाताची बोटं, आणि सगळ्यात शेवटी डोळे. वारं पडलेलं असायचं, खाली गल्लीत पिंजाऱ्याची तार वाजत असायची, आणि एक अनोळखी माणूस कागदाच्या तळातून हळूहळू वर येत असायचा. मी तिथं किती वेळ उभी राहायची, कुणास ठाऊक. खालून आत्याबाईंची हाक आली की भानावर यायची. सावलीच्याही सतराशे साठ तऱ्हा असतात हे मला त्या माळवदावर कळलं. कुठली सावली मऊ, कुठली ओली, कुठली नुसती धूर. मला ते फार आवडायला लागलं, पण मास्तरांना मी ते कधी कळू दिलं नाही. डोक्यावर बसले असते.

ज्या काचेवर फोटो निघायचा त्या काचेच्या खोडी मात्र अजब होत्या. एकदा रंगारी आला, कोपरापर्यंत हात निळीत बुडालेले. बिचाऱ्यानं घासघासून धुतले होते, पण नीळ कुठं जाते? तो हात कोटाच्या मागं लपवायला लागला. मास्तरांनी ओढून पुढं मांडीवर ठेवायला लावले. फोटो आला तर हात पांढरेफेक. रंगाऱ्याची बायको म्हणाली, "हे कुन्या सायबाचे हात लावले गं बाई माझ्या नवऱ्याला?" रंगारी मात्र खूश, तोच फोटो सासुरवाडीला पाठवतो म्हणाला. मास्तर म्हणाले, "काचेला निळं पांढरंच दिसतं. तिची नजरच तशी, तिला काय बोलायचं?" काचेबद्दल ते घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईबद्दल बोलावं तसं बोलायचे.

मोंढ्याकडं, धान्यबाजारात, दुसरा एक फोटोवाला होता. तो फोटो काढून झाला की वरून रंग भरायचा. गाल गुलाबी, लुगडं हिरवं, कपाळावर लालभडक टिकली. आमच्या गल्लीतल्या बायकांनी जे काही चार-दोन फोटो आयुष्यात बघितले होते ते त्याचे. मास्तरांच्या माडीवर कुणी "रंग भरून द्या" म्हटलं की मास्तर त्याला जिना दाखवायचे. सरकारी कचेरीतला एक बडा अंमलदार एकदा असाच जिना उतरला होता, आणि सासऱ्यांनी आठ दिवस धसका घेतला होता. एवढं सगळं आधी सांगितलं, कारण पुढं माझ्या कपाळावर जे बेतलं ते ह्याच्यातूनच.

रझाकारांचे दिवस होते. दिवस कलला की दुकानाला फळ्या लावून सगळे आत. आमचे हे एक दिवस "परभणीला माल बघून येतो" म्हणून निघाले आणि परभणीला गेलेच नाहीत. सरहद्दीपलीकडं पोरांचे कॅम्प होते, तिथून ती निजामाच्या नाक्यांवर चालून जायची, त्यातल्या एका कॅम्पात गेले. सुरुवातीला येणाऱ्याजाणाऱ्याकडून निरोप यायचा, बरा आहे, जेवतो आहे. मग निरोप थांबले. मी दिवसभर कामात राहायची, जरासुद्धा बसायची नाही.

तेवढ्यात एक गुळाचा व्यापारी तिकडं जाणार असल्याचं कळलं. सासरे आत्याबाईंना म्हणाले, "सुनेचा फोटो देऊ पाठवून. पोराला बरं वाटंल." फोटो काढला की आयुष्य घटतं अशी आत्याबाईंची समजूत, पण लेकाच्या नावानं त्या हो म्हणाल्या.

मास्तरांनी मला सकाळी बोलावलं. माळवदावर पांढरी चादर ताणून उन्हाला मऊ केलं होतं. मला वाटलं, आता सांगतील ताठ बसा, इकडं बघा. तर म्हणाले, "सूनबाई, तुमच्या कुरडया वाळल्या का बघा." मी मान वळवून बघितलं, आणि त्यांचं काम झालं.

तो फोटो हातात आला तेव्हा मी बघतच राहिले. कुणी काही म्हणो, मला त्या फोटोतली मी आवडले. गालावरून उतरलेला उजेड, पदराची सावली, आणि डोळ्यांत कुणाची तरी वाट बघणं, जे मी घरात कुणालाच दाखवलं नव्हतं. देवाशप्पथ सांगते, कपाळावरचं कुंकू मला त्यात लालच दिसलं. माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

आत्याबाईंचं गेलं. फोटो हातात घेऊन त्या उंबऱ्यावरच बसल्या. "काळं आलंय," म्हणाल्या. "हिचं कुंकू काळं आलंय."

त्याच आठवड्यात शहागडहून मामा आले. मामा म्हणजे आत्याबाईंचे थोरले भाऊ, त्यांचा शब्द आत्याबाईंना देवाचा. त्यांच्या कानावर आलं होतं की एका नाक्यावर गोळीबार झाला आणि जालन्याचा एक पोरगा पडला. कुणाचा, नाव काय, काही पत्ता नाही. आत्याबाईंनी फोटो त्यांच्यापुढं ठेवला. मामांनी तो बराच वेळ बघितला. मग सासऱ्यांना म्हणाले, "दाजी, येत्या आवसेला सगळे शहागडला या. गंगेवर जे करायचं ते करून टाकू. पोरीला असं अधांतरी ठेवणं बरं न्हाई."

जे करायचं ते म्हणजे गोदावरीत उभं करून माझं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. नवरा आहे की नाही कुणाला ठाऊक नव्हतं, आणि एका उडत्या बातमीवर आणि एका फोटोवर मी विधवा होणार होते. मामा वाईट नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणून तर जास्त भीती वाटली, कारण भांडायला समोर कुणी नव्हतंच. सासरे खाली बघून ज्वारीचे दाणे निवडत राहिले.

मामा गेल्याबरोबर मी माडी चढले. करंडाच घेऊन गेले होते. म्हटलं, "मास्तर, एवढी एक टिकली लाल करून द्या. मोंढ्यावरचा देतोच ना करून. माझ्या करंड्यातलं कुंकू घ्या."

मास्तरांनी करंड्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. "न्हाई, सूनबाई."

"का न्हाई?"

"वरून लाल लावलं तर त्याचा अर्थ आधी ते काळं होतं असा होतो. तुमचं खरं कुंकू मी खोटं पाडू का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, "माझं कपाळ पुसायला निघालेत, आणि तुम्ही खऱ्या-खोट्याचं कौतुक सांगून राह्यले मला? आवस आली मास्तर, आवस." आणखीही बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मास्तर ऐकून घेत राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. फोटोमुळं असं काही होईल हे त्या माणसाच्या ध्यानीमनीही नव्हतं, हे मला दिसत होतं, पण त्यानं माझा राग कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना उतरून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. इतक्या वर्षांत ते कधी कुणाच्या घरात शिरले नव्हते. "वहिनी," ते आत्याबाईंना म्हणाले, "वर चला. सूनबाईलाबी घ्या. एक दाखवायचंय."

आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्या काळ्या कोठडीत मी पाय ठेवायची न्हाई."

सासरे दुकानातून आत आले. त्या घरात त्यांचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "जाऊन ये. तो काय दाखवतो ते तरी बघ."

माडीच्या मागं मास्तरांची अंधारी खोली होती. झरोक्याला घोंगडी ठोकलेली, दाराला घोंगडी. आत शिरलो तर डोळ्यांपुढं मिट्ट काळोख आणि औषधांचा आंबट वास. आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला. मग मास्तरांनी कोपऱ्यातला कंदील मोठा केला. त्याला लाल काच होती. सगळी खोली लाल झाली, भिंती, थाळ्या, मास्तरांचं पांढरं धोतर. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं.

मास्तर म्हणाले, "वहिनी, आता सुनेच्या कपाळाकडं बघा."

आत्याबाईंनी बघितलं, आणि त्यांच्या तोंडून चमत्कारिक आवाज निघाला. माझं कपाळ कोरं होतं. सकाळी न्हाऊन मी कोरलेलं ठसठशीत कुंकू त्या लाल उजेडात दिसेनासं झालं होतं. त्यांनी बोटं पुढं करून माझं कपाळ चाचपलं, लहान मूल तापलंय का बघावं तसं. पण मी तेव्हा दुसरंच बघत होते. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचंबी न्हाई."

त्यांचा हात माझ्या कपाळावरून स्वतःच्या कपाळावर गेला.

"भिऊ नका," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. "लाल उजेडात तुमच्या डोळ्यांना ते कुंकू दिसत न्हाई. तशी माझी काचसुद्धा लालाला आंधळी हाये. तिला लाल दिसतच न्हाई, म्हणून ती तिथं काळं ठेवते. म्हणून तर मी हा लाल कंदील लावून काम करू शकतो, काचेला कळत न्हाई उजेड हाये म्हणून. वहिनी, आत्ता तुमचं दिसेना. म्हणून ते पुसलं गेलं का?"

घोंगडी बाजूला सारून आत्याबाई बाहेर उन्हात गेल्या, बोटं डोळ्यांपुढं धरली. बोटांना लाल लागलं होतं, माझं आणि त्यांचं. तशाच त्या जिना उतरल्या, घरात न शिरता थेट पुढं दुकानात गेल्या. गिऱ्हाईक असताना घरच्या बाईनं दुकानात जायचं नसतं, त्या गेल्या. सासरे तागडी धरून उभे होते. आत्याबाई पोत्यांपाशी उभ्या राहून त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"काय झालं गं?" सासरे म्हणाले.

"काही न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मापा तुम्ही ज्वारी."

फोटो गुळाच्या व्यापाऱ्याबरोबर गेला. आवस आली आणि गेली, शहागडला कुणी निघालं नाही. मी मास्तरांना विचारलं होतं, "म्हणजे हे आहेत ना नक्की?" मला वाटलं होतं, आता हो म्हणतील. ते म्हणाले, "फोटो खबर देत न्हाई, सूनबाई. त्या सकाळी तुम्ही कशा होत्या, एवढंच त्याला ठाऊक." दुसरा कुणी असता तर धीर द्यायला खोटं बोलला असता. मला तेव्हा त्यांच्या त्या बोलण्याचं फार वाईट वाटलं.

मग पोलीस अॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. कॅम्पांतली पोरं परत यायला लागली, हार घातलेली, वाळलेली, दाढ्या वाढलेली. रोज कुणाच्या तरी दारात ओवाळणं चालायचं. मी दार उघडं ठेवून काम करायची. आमचे हे आले नाहीत. कुणी म्हणालं, ह्या कॅम्पात होता. कुणी म्हणालं, त्या. पडताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि नंतर जिवंतही कुणी पाहिलं नव्हतं. फोटो पोचला का, तेही कुणाला सांगता आलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर मामा पुन्हा आले. ह्या वेळी त्यांनी आवाज अगदी खाली आणला होता. आत्याबाईंच्या शेजारी बसून म्हणाले, "आता तरी ऐक बाई. किती दिवस? लोक बोलून राह्यले."

आत्याबाई उठल्या. देवघरात त्या फोटोची दुसरी प्रत होती, ती आणून त्यांनी भावापुढं धरली. जन्मात पहिल्यांदा त्या भावाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलल्या. "कुंकू लाल हाये माझ्या सुनेचं. बघ."

मामांनी बघितलं. "काळं हाये हे," ते कळवळून म्हणाले. "तुला दिसत न्हाई का?"

"लाल हाये."

जिन्याच्या खालच्या पायरीवर मास्तर उभे होते, बाहेरून आले असावेत. मामा त्यांच्याकडं वळले. "मास्तर, तुम्ही कुणाच्या भिडंला पडत न्हाई म्हंतात. तुमचाच फोटो हाये. सांगा हिला."

मास्तर खोटं बोलणार नव्हते. अंमलदाराला जिना दाखवणारा माणूस तो, मी एवढं बोलले तरी टिकलीभर रंग न लावणारा. आत्याबाईंनी फोटो त्यांच्या हातात दिला. मास्तर तो घेऊन दाराच्या उजेडाकडं गेले. पाटलांच्या तोंडाकडं बघायचे तसे बघत राहिले.

"लाल हाये," मास्तर म्हणाले.

मामा काही बोलणार होते. मास्तरांनी त्यांना थांबवलं नाही, नुसतं पुढं बोलत राहिले. "सकाळची वेळ होती. सूनबाई न्हाऊन आल्त्या, कुंकू अजून ओलं होतं. मी समोर होतो. लाल होतं, आणि लाल हाये."

त्यांनी फोटो आत्याबाईंच्या हातात परत दिला आणि जिना चढून गेले. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. पानावर बसले, जेवले, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी करंडा आणून मला समोर बसवलं आणि स्वतःच्या हातानं माझं कुंकू लावलं. मग त्या जाईपर्यंत रोज लावत राहिल्या. आमचे हे पुढं कधीच आले नाहीत. कुंकू मी आज सकाळीही लावलं.